दीड हात झोळ

झोळमास्तरांना लांबचं सगळं दिसायचं आणि जवळचं काहीच नाही. चारशे मीटरवरच्या टॉवरला बांधलेली वीतभर रुंदीची पट्टी ते उघड्या डोळ्यांनी बघायचे, पण समोरच्या दोन डब्यांतलं मीठ कुठलं आणि साखर कुठली हे बोट घालून चाखल्याशिवाय कळायचं नाही. चष्मा होता. टॉवरवर चढताना पडेल म्हणून ते तो जीपमध्ये ठेवायचे आणि खाली उतरल्यावर विसरायचे. "मास्तर, चष्मा तुम्ही घ्यायचा की जीपने?" असं मी विचारलं की म्हणायचे, "पायलट, तू रस्ता बघ."

पायलट म्हणजे मी, जीपचा ड्रायव्हर. लाइनच्या कॅम्पवर सगळ्या ड्रायव्हरांना पायलटच म्हणतात. विमान आमच्यापैकी कोणी जवळून पाहिलेलं नाही. अकरा वर्षं मी मास्तरांना टॉवरपासून टॉवरपर्यंत पोचवलं. टॉवर उभे करणारे वेगळे, तारा ओढणारे वेगळे. मास्तरांचं काम फक्त झोळ बघण्याचं.

हे काम काय ते सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं दोन टॉवरांमधली तार आपली लोंबते ती लोंबते. तसं नसतं. तारेला मोजून पोट ठेवावं लागतं. कमी ठेवलं तर थंडीत तार आखडून टॉवरला ओढते. जास्त ठेवलं तर उन्हाळ्यात, त्यातून आत भरपूर वीज वाहायला लागली की, तार तापून खाली येते. किती ठेवायचं हे तार त्या घटकेला किती तापली आहे त्यावर ठरतं, आणि त्याचा तक्ता असतो. तक्त्यात बघून दोन्ही टॉवरांवर, तार बांधतात तिथून तेवढंच खाली, एकेक पट्टी बांधायची. मास्तर एका पट्टीमागे बसून समोरच्या पट्टीवर नजर लावायचे. लांब कुठेतरी विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, तार ओढत असायचा. तारेचं पोट वर येता येता त्या दोन पट्ट्यांच्या रेषेला टेकलं की ते वॉकीटॉकीवर म्हणायचे, "बस."

झालं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. "मी आयुष्यात एकच शब्द बोललो," असं ते स्वतःच म्हणायचे. खरं तर तीन शब्द होते : ओढा, हळू, बस. याखेरीज चौथा शब्द वॉकीटॉकीवर कोणी काढायचा नाही, असा त्यांचा नियम होता. विंचवरच्या माणसाला खरखरीत एखादा जादा शब्द भलताच ऐकू आला तर पाच टनांची ओढ कुणाच्या तरी अंगावर जाते. एकदा कुणीतरी वरून "जेवण आलं का?" असं विचारलं होतं. मास्तरांनी खाली उतरून त्याला अशा चार गोष्टी सुनावल्या की तो दोन दिवस नीट जेवला नसेल.

दुसरा नियम फोनचा. टॉवरवर फोन न्यायचा नाही. सकाळी सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत जमा व्हायचे आणि ती पिशवी माझ्याकडे. दिवसभर माझ्या मांडीवर दहा-बारा बायका, आया आणि सासवा वाजत असायच्या. त्यातला मास्तरांचा फोन फार कमी वाजे. काकूंना वेळा पाठ होत्या.

काकू म्हणजे त्यांची बायको. तिला मी पाहिलं नव्हतं, पण ओळखत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. मुलगी लग्न करून परमुलखात गेली होती आणि तिच्या पदरात तान्हं बाळ होतं. काकूंचा उजवा गुडघा पार गेलेला. तो बदलायचा ठरून तीन वर्षं झाली होती. एकदा तारीख मिळाली तेव्हा नदीवरची लाइन आली. दुसऱ्यांदा मिळाली तेव्हा ही लाइन सुरू झाली. दोन्ही वेळा काकूंनीच ऑपरेशन पुढे ढकललं, कारण भूल देण्याआधी नवरा समोर दिसायला हवा एवढीच तिची अट होती. आता तिसरी तारीख होती. या लाइनच्या तारा बसल्या की मास्तर कायमचे घरी जाणार होते. टॉवर चढून त्यांचेही गुडघे काही धड राहिले नव्हते. जीपमध्ये बसताना ते आधी एक पाय हाताने उचलून आत ठेवायचे, मग दुसरा.

ही लाइन म्हणजे नुसता जिवाला घोर होता. पलीकडच्या माळावर सोलरची पॅनेलं बसून कधीची तयार होती, मैलच्या मैल. वीज तयार व्हायला ऊन होतं, न्यायला वाट नव्हती. देशाने अमुक सालापर्यंत एवढी वीज उन्हावाऱ्याची करू असं जगाला सांगून ठेवलेलं, आणि त्या सांगण्याचं ओझं उतरत उतरत आमच्या कॅम्पच्या फळ्यावर आलं होतं. फळ्यावर "राहिलेले दिवस" असं लिहिलेलं, आणि खाली खडूने आकडा. इंजिनिअर मॅडम रोज सकाळी तो पुसून एकाने कमी करायच्या. पोरगी तिशीची, पण चेहरा फळ्यासारखाच झालेला, रोज पुसलेला. वरून फोन आला की ती बाहेर जाऊन पाण्याच्या टाक्यांमागे बोलायची आणि परत येऊन आम्हाला म्हणायची, "काही नाही, चला."

एका गँगची माणसं दोन गँगांत वाटून आणि दोन दिवसांचं काम एका दिवसात, असं चाललं होतं. सगळे मेटाकुटीला आलेले. तापमान बघणारा माणूस दुसऱ्या टोकाला पाठवला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. काम सोपं. त्याच तारेचा हातभर तुकडा घेतात, मधला गाभा काढून पोकळीत थर्मामीटर बसवतात, आणि तो तुकडा टॉवरवर उघड्यावर टांगून ठेवतात. अर्ध्या तासात तो खऱ्या तारेइतकाच गरम किंवा गार होतो. मग आकडा वाचायचा. मास्तर स्वतः असले की आकडा ऐकूनही तो तुकडा गालाला लावून बघायचे. बाळाचा ताप बघावा तसं.

गवताच्या यार्डावरची तार बसवली त्या दिवशी मास्तर आधीच वर जाऊन बसले होते. थंडीची सकाळ, ढगाळ. यार्डात गवताचे बांधलेले गठ्ठे ट्रकवर चढवत होते. एका ट्रकच्या टोकावर, गठ्ठ्यांच्याही वर, एक जाडजूड बाई उभी राहून ताडपत्री ओढत होती. हातात लांब लोखंडी आकडा. ती आम्हाला रोज हात करायची. मीही केला. वॉकीटॉकी उतरलेले म्हणून जीपचं इंजिन चालू ठेवून ते चार्जिंगला लावले होते. तो तारेचा तुकडा गवतात कुणाच्या पायाखाली येईल म्हणून मी बॉनेटवर ठेवला. अर्ध्या तासाने वाचला.

"किती?" मास्तरांनी वरून ओरडून विचारलं.

"एकोणचाळीस!"

"नक्की?"

"नक्की!"

आकडा मी खरा सांगितला होता. तो तारेचा नव्हता, माझ्या इंजिनचा होता. हे मला कळलं नाही आणि त्यांना वरून दिसलं नाही. ते खाली उतरून गालाला लावून बघते तर क्षणात कळलं असतं, पण त्या दिवशी ती तिसरी चढण होती आणि त्यांनी गुडघ्यांचं ऐकलं. तक्त्यातला एकोणचाळीसचा झोळ काढला, पट्ट्या बांधल्या, बस म्हटलं. पुढे तपासणीवाले एका गार सकाळी आले, जमिनीपासूनचं अंतर मोजलं, नियमात बसलं, सही झाली.

तीन आठवड्यांनी फळ्यावर नऊ आला. तारांचं काम संपलं होतं, नुसती किरकोळ आवराआवर उरलेली. काकूंच्या ऑपरेशनला सहा दिवस होते. मास्तरांचं तिकीट काढून झालं होतं. सकाळी मी त्यांची पत्र्याची ट्रंक जीपमध्ये चढवत होतो तेव्हा ते तो थर्मामीटरचा तुकडा घेऊन आले. "हा तुला ठेव. माझा स्वतःचा आहे, कंपनीचा नाही. घरी कुणाचा ताप बघू याने?"

मी तो बॉनेटवर ठेवला आणि ट्रंक दोरीने बांधायला लागलो. थंडी होती म्हणून गाडी सुरू करून ठेवली होती. त्यांचं सगळ्यांशी हात मिळवून होईपर्यंत बराच वेळ गेला. मग मी तुकडा उचलला आणि सहज आकड्याकडे बघितलं.

एकोणचाळीस. तोंडातून वाफ निघत होती आणि एकोणचाळीस.

गाडीत बसलो, गिअर टाकला, आणि मूग गिळून चालवत राहिलो. मी स्वतःशी प्रामाणिक राहून सांगतो, पहिली चाळीस मिनिटं मी न सांगण्याचंच ठरवलं होतं. तपासणी झाली आहे. माणूस थकला आहे. काकू वाट बघते आहे. आणि दुसरं कारण याहून साधं होतं, मला माझी नोकरी जायची भीती वाटत होती. मास्तर शेजारी बसून बाहेर बघत होते. स्टेशनचा रस्ता गवताच्या यार्डावरून जातो. यार्ड आलं तसे ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकले आणि वर आपली तार बघायला लागले. ट्रकवर ती बाई होतीच. तिने आकडा उंच धरून आम्हाला हात केला.

मी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

मी सांगितलं. बॉनेट, इंजिन, सगळं. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती वेळ होता बॉनेटवर?" मग डोळे मिटून ओठांतल्या ओठांत आकडेमोड केली. "तार तेव्हा अठरा-एकोणीस असणार. म्हणजे दीड हात. दीड हात जास्त झोळ."

"मास्तर, पास झालंय की पण."

"थंडीत पास झालंय. उन्हाळ्यात भर दुपारी, सगळी सोलरची वीज आत असताना बघ." ते त्या बाईकडे बघत होते. गठ्ठ्यांची उंची, तिची उंची, हातातला आकडा. त्यांना लांबचं सगळं दिसायचं. "वळव गाडी."

"तुम्ही जा. मी मॅडमना सांगतो. शपथ."

"सांगशील. पण बघणार कोण? दुसरा झोळवाला त्या टोकाला आहे, दहा दिवस मोकळा होत नाही. नऊ दिवसांत लाइनमध्ये वीज सोडतील. एकदा वीज सोडली की बंद कोण करू देतो? नंतर करू म्हणतील. नंतर म्हणजे कधी ते मी एकतीस वर्षं बघतोय." त्यांनी मान मागे टेकली. "वळव रे. दमलोय मी, वाद घालायला लावू नकोस."

मॅडमनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावून बसल्या. "कागदावर सगळं बरोबर आहे, मास्तर."

"कागद उन्हात तापत नाही, मॅडम."

"चूक कोणाची?"

"माझी," मी म्हणालो. "माझी," मास्तर म्हणाले. "तुकड्याला हात लावून बघणं माझं काम. मी उतरलो नाही."

मॅडमनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "ते नंतर बघू. किती दिवस?"

"आठ."

फळ्याकडे न बघताच त्या उठल्या आणि फोन घेऊन टाक्यांमागे गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्यावर म्हणाल्या, "काही नाही, चला."

काकूंना फोन मास्तरांनी जीपमध्ये बसूनच केला. मी उतरायला लागलो तर हाताने बस म्हणाले. "ऐक," ते फोनवर म्हणाले, "एक तार चुकलीये." मग खूप वेळ नुसते ऐकत होते. "नको, या वेळी नको ढकलूस. शेजारच्या ताईंना घेऊन जा." परत ऐकलं. "हो. माहितीये मला." फोन ठेवला आणि खिशातून चष्मा काढून पुसला. तो त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून काढला होता.

सात टॉवरांचा तो टप्पा पुन्हा उघडायचा म्हणजे केलेल्या स्वयंपाकातलं मीठ वेचून काढण्यातला प्रकार. दोन-दोन तारांच्या तीन जोड्या, सहा तारा. चिमटे सोडायचे, तार परत चाकांवर घ्यायची, ओढायची, नव्याने बांधायची. गँगमधलं कोणीही मला एक वाकडा शब्द बोललं नाही. त्यामुळे मी जेवायला त्यांच्यापासून लांब बसायचो. मास्तर रोज वर चढत होते, आणि उतरले की पाय हाताने उचलून जीपमध्ये ठेवायला मी मदत करायचो. जीप मी टॉवरपासून शंभर पावलं लांब लावत होतो, इंजिन बंद.

सहाव्या दिवशी सकाळी तिसरी तार ओढायला घेतली होती. पिशवीत मास्तरांचा फोन वाजला. मी उचलला.

"कोण?" बाईचा आवाज, दमलेला आणि ताठ.

"मी पायलट, काकू. ड्रायव्हर. मास्तर वर आहेत."

"किती वर?"

"एकदम वर. तार ओढणं चाललंय. बोलावू का खाली?"

"नको. चढ-उतर नको त्यांना." मागे कुणीतरी नाव पुकारत होतं, चाकांचा आवाज येत होता. "मला आत नेतायत. फोन काढून घेतील आता. त्यांना एवढंच सांग, मी आत गेले. हसत गेले म्हणून सांग."

"हसताय का काकू?"

"नाही. पण सांग."

फोन बंद झाला. मी वॉकीटॉकी हातात घेऊन उभा राहिलो. वर सगळी गँग ऐकत होती, पलीकडे नजरेच्या टप्प्यात विंचवर ऐकत होते. चौथा शब्द काढायचा नव्हता. मी आधी विंचला हाताने खूण केली, तो थांबल्याची खात्री केली, आणि मग बटण दाबलं. "मास्तर. काकू आत गेल्या. हसत गेल्या."

नुसती खरखर. वर ते पट्टीमागे ठिपक्याएवढे दिसत होते. खरखर इतका वेळ चालली की मला वाटलं ते आता खाली उतरणार, आणि उतरले तर त्यांना नेऊन पोचवायला माझ्याकडे कुठलीच गाडी पुरेशी वेगाची नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि भर दिवसा, कामावर, सगळ्यांसमोर मी ते पुसलेही नाहीत.

मग आवाज आला. "तापमान?"

"सव्वीस."

"हात लावून?"

मी टॉवरच्या शिडीवर चढून टांगलेला तुकडा गालाला लावला. "गालाला लावून, मास्तर. गार आहे."

"ओढा," ते म्हणाले. विंच सुरू झाला. ट्रकवरची बाई ताडपत्री सोडून वर बघत होती. तिच्या डोक्यावरची तार हळूहळू उचलली जात होती. "ओढा. हळू. हळू." आणि मग, घोगऱ्या पण नेहमीच्याच आवाजात, "बस."

काकूंचं ऑपरेशन नीट पार पडल्याचा शेजारच्या ताईंचा फोन दुपारी आला, तेव्हा मास्तर चौथ्या तारेवर होते. ते मी वॉकीटॉकीवर सांगितलं नाही. शिडी चढून जाऊन सांगितलं. मला उंचीची भीती वाटते, तरी गेलो. त्यांनी फक्त मान डोलावली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, बहुतेक मी पडू नये म्हणून.

नवव्या दिवशी कुठल्यातरी खोलीत कुणीतरी बटण दाबलं आणि लाइनमध्ये वीज आली. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. तारेत वीज आली तरी बघायला काही वेगळं दिसत नाही, फक्त बारीक गुणगुण ऐकू येते. मॅडमनी फळा पुसला आणि त्यावर काहीच लिहिलं नाही. मास्तरांना ट्रेनने जाऊ न देता मी जीपमधूनच घरी सोडलं, सहा तास. वाटेत ते झोपले होते.

दोन मजले चढून आम्ही वर गेलो. मास्तर कठडा धरून, मी ट्रंक घेऊन. दार काकूंनीच उघडलं, वॉकर धरून. त्यांनी मास्तरांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"आलात."

"आलो."

मास्तर आत जाऊन खुर्चीत बसले, आधी एक पाय, मग दुसरा. मी दारातच उभा. सहा तास घोकलेलं सगळं विसरून एकदम बोललो, "काकू, चूक माझी होती. मी गप्प बसलो असतो तर मास्तर त्या दिवशी इथे असते."

"माहितीये," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा जराही सैल झाला नाही. "मला तुझा राग आला होता. अजूनही आहे थोडा. तिथे एकटीने जाणं फार वाईट होतं." मग वॉकरवर जरा रेलून विचारलं, "कोण राहतं त्या तारेखाली?"

"राहत नाही कोणी. गवताचं यार्ड आहे. एक बाई ट्रकवर चढून ताडपत्री ओढत असते."

"केवढी आहे?"

"तुमच्याच वयाची असेल."

काकूंनी खाली बघितलं, स्वतःच्या सुजलेल्या, पट्टी बांधलेल्या गुडघ्याकडे.

"ट्रकवर चढते म्हणजे गुडघे शाबूत असणार तिचे," त्या म्हणाल्या. "असू देत." आणि वॉकर वळवून आत चहा ठेवायला गेल्या.